अन्नातून विषबाधा झाली तर: उपचार, पुरावा आणि नुकसानभरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत किंवा ॲपवरून मागवलेले खाऊन घरातली तीन माणसे एका रात्रीत आडवी पडतात. सलाइन लागते, आठवड्याची कमाई बुडते, आणि बरे वाटले की बहुतेक जण "जाऊ दे, जीव वाचला ना" म्हणून विषय सोडून देतात. ज्यांना सोडायचा नसतो ते पंधरा दिवसांनी विचारपूस सुरू करतात. तोवर बिल हरवलेले असते, उरलेले अन्न कचऱ्यात गेलेले असते आणि केसपेपरवर "उलटी, जुलाब" एवढेच दोन शब्द असतात. आपल्याकडे कायदा कमी नाही. कमी पडतो तो पुरावा, आणि तो पहिल्या दोन दिवसांतच हाती लागतो. खालची उत्तरे हे धरूनच लिहिली आहेत.

विषबाधा झाल्याचा संशय आला तर सर्वात आधी काय करायचे?

माणूस सांभाळायचा, तक्रार नंतर. जुलाब-उलट्यांत जीव जातो तो बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. मेडिकलमधून ओआरएसची पाकिटे आणा. ती नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चमचा चहाचा, छोटा) आणि घोट-घोट पाजत राहा. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा.

शौचातून रक्त पडणे, अंगात मोठा ताप, पाण्याचा घोटही पोटात न टिकणे, सहा-आठ तास लघवी न होणे, ग्लानी येणे, नजर अंधूक होणे किंवा जीभ जड होणे, यातले काहीही दिसले तर घरी थांबू नका. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर या खुणांची वाटही पाहू नका. ताप किंवा रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर पुराव्याच्या दृष्टीने काय मागायचे?

दोन गोष्टी. पहिली, कधी, कुठे आणि काय खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला आणि सोबत खाल्लेल्या आणखी कोणाला झाला, हे केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, म्हणून सांगावे लागते. पुढे ग्राहक आयोगासमोर हाच कागद सर्वात जास्त बोलतो, कारण तो भांडण सुरू होण्याआधीचा असतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते: शौचाची कल्चर तपासणी, आणि तीही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेल्या नमुन्यावर. औषधाचे दोन डोस पोटात गेले की जंतू सापडण्याची शक्यता झपाट्याने घटते. साध्या तपासणीत जंतूचे नाव कळत नाही, कल्चरमध्ये कळू शकते. "स्टूल कल्चर पाठवता का?" असे सरळ विचारा. उपचार अर्थातच तपासणीसाठी थांबवायचा नाही. नमुना द्यायला काही मिनिटे लागतात, अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो.

एकाच जेवणातून बरेच जण दाखल झाले असतील तर रुग्णालयाकडून पोलिसांना कळवले जाते आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण, अशी नोंद होते. तो नोंद क्रमांक लिहून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, तपासण्यांच्या पावत्या यांच्या मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा. मेडिक्लेमला मूळ प्रती द्याव्या लागल्या तर आधी झेरॉक्स काढून त्यांवर रुग्णालयाचा शिक्का घ्या.

रात्री हॉटेलात जेवलो आणि पहाटे उलट्या सुरू झाल्या. म्हणजे दोष त्या हॉटेलचाच ना?

असेलही, नसेलही. या प्रश्नावर बरेच दावे कोसळतात, म्हणून थोडे सविस्तर.

प्रत्येक जंतू आपला वेळ घेतो. स्टॅफिलोकॉकसचे विष सर्वात लवकर चढते, अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत. बासुंदी, खव्याची मिठाई, क्रीमचा केक, हाताने कालवलेले आणि मग बाहेर राहिलेले पदार्थ ही त्याची आवडती ठिकाणे. हे विष उकळल्यानेही जात नाही, त्यामुळे "आम्ही पुन्हा गरम करून दिले होते" हा हॉटेलवाल्याचा बचाव इथे टिकत नाही. शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातात बॅसिलस सिरियस वाढतो. त्याच्या उलटीच्या प्रकाराला एक ते सहा तास लागतात. कालच्या भाताचा फ्राइड राइस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात हळूहळू निवत राहिला की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो. तो सहा ते चोवीस तासांत पोटात कळ आणि जुलाब आणतो, उलट्या कमी असतात. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात, शिगेलाला साधारण एक-दोन दिवस, कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ, तर पंधरा ते पन्नास दिवसांनी दिसते.

म्हणजे आज पहाटे जुलाब लागले तर गुन्हेगार कालचे जेवण असेल, किंवा परवाची पाणीपुरीही असेल. म्हणून आजारी पडल्या पडल्या मागच्या तीन-चार दिवसांत काय-काय खाल्ले-प्यायले याची यादी लिहून काढा: घरचे, बाहेरचे, उसाचा रस, बर्फाचा गोळा, सगळे. एकट्याच माणसाला त्रास झाला असेल तर ही यादी आणि कल्चरचा अहवाल जुळल्याशिवाय बोट रोखणे अवघड असते. एकाच टेबलावरच्या पाचपैकी चौघांना झाला आणि ज्याने तो एक पदार्थ खाल्ला नाही तो ठणठणीत राहिला, तर मात्र प्रकरण वजनदार होते.

उरलेले अन्न ठेवायचे का? कसे?

ठेवायचे, आणि फ्रीजच्या खालच्या भागात ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठवल्याने काही जंतू मरतात आणि तपासणीत ते सापडणे अवघड होऊ शकते. ज्या डब्यात किंवा पिशवीत आले त्यासह, झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर तारीख-वेळ लिहून ठेवा. डबा, लेबल, बिल आणि बॅच क्रमांक यांचे फोटो काढा. मुले किंवा घरकामाच्या मावशी चुकून खाणार नाहीत अशी सोय करा.

खासगी प्रयोगशाळा असा उघडलेला नमुना घेतीलच असे नाही, आणि घेतला तरी समोरची बाजू म्हणणार, "तुमच्या घरी खराब झाले." म्हणून उघडलेल्या डब्यापेक्षा त्याच बॅचचे न उघडलेले पाकीट किंवा अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः घेतलेला नमुना जास्त टिकतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. खाऊन आजारी पडल्यावर त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे. जिल्ह्याच्या कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. केंद्रीय प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, क्रमांक १८००-११२-१०० आहे, आणि त्यांच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरही तक्रार नोंदवता येते. गोव्यात बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय आहे.

अर्जात हॉटेलचा चौदा अंकी परवाना क्रमांक द्या. तो हॉटेलात दर्शनी भागात लावलेला असायला हवा, आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापणे बंधनकारक आहे. क्रमांकच नसेल तर तेही अर्जात लिहा, कारण विनापरवाना धंदा हा वेगळा गुन्हा आहे.

तक्रार त्याच दिवशी करण्याचे कारण साधे आहे. त्या दिवशीचे पातेले संध्याकाळी घासले जाते. अधिकारी तिसऱ्या दिवशी पोचला तर त्याला नवा रस्सा, पुसलेला ओटा आणि केस झाकलेले आचारी दिसतील. तो नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, आणि अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा अशी कायद्यात तरतूद आहे.

बरेच लोक आजारी असतील तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागालाही कळवा. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातले पथक येऊन कोणी काय खाल्ले याची चौकशी करते, पाण्याचे आणि शौचाचे नमुने घेते. त्या उद्रेकाचा अहवाल तुमच्या दाव्यासाठी सोन्यासारखा असतो. तो आणि एफडीएचा तपासणी अहवाल तुम्ही माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मागू शकता; उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

एफडीएकडे तक्रार केली की भरपाई आपोआप मिळते का?

नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे. एफडीएचे काम दोषी व्यावसायिकावर कारवाई करणे. पण अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ यातल्या कलम ६५ कडे लोकांचे लक्षच जात नाही. असुरक्षित अन्नामुळे ग्राहकाला इजा किंवा मृत्यू झाला तर न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय व्यावसायिकाला भरपाई द्यायला लावू शकते: मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत, इतर इजेसाठी एक लाखापर्यंत. ही रक्कम घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यावी आणि मृत्यूच्या प्रकरणात तीस दिवसांत वारसाला अंतरिम मदत मिळावी, असे कायदा म्हणतो.

प्रत्यक्षात सहा महिन्यांत खटला उभाही राहत नाही. तरीही अर्जात "कलम ६५ अन्वये भरपाई मिळावी" ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. ती मागितलीच नाही तर कोणी आपणहून देणार नाही. या कायद्याखाली खटला भरण्याची मुदत गुन्ह्यापासून एक वर्ष आहे, आयुक्तांच्या मंजुरीने तीन वर्षांपर्यंत. म्हणून दर महिना-दीड महिन्याने "माझ्या तक्रारीवर काय झाले" असे लेखी विचारत राहा.

मग भरपाईचा खरा रस्ता कोणता?

बहुतेकांसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि अन्न सुरक्षा कायदा हे एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येते.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची. कोणत्या आयोगात जायचे हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नाही, तर मोजलेल्या किमतीवर ठरते. पन्नास लाखांपर्यंतची किंमत जिल्हा आयोगाकडे येते, आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क शून्य. म्हणजे दीडशे रुपयांची मिसळ खाऊन दहा दिवस रुग्णालयात काढले आणि आठ लाखांची भरपाई मागितली, तरी जिल्हा आयोगात एक रुपयाही शुल्क लागत नाही.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही करता येते. गोव्याच्या सहलीत विषबाधा झालेल्या नागपूरकराला पणजीला खेटे घालायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि जास्तीत जास्त आणखी पंधरा मिळतात. पंचेचाळीस दिवसांनंतर ही मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा, असे कायद्यात आहे. तारखा त्याहून लांबतात, याची मनाची तयारी ठेवा.

वकील लागतोच का?

सक्ती नाही. तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. घटनाक्रम तारीखवार लिहायचा, कागद क्रमाने जोडायचे, शेवटी नेमके काय हवे ते मागायचे आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. कायद्याने ती अनिवार्य नसली तरी समोरच्याचे उत्तर, किंवा मौन, दोन्ही कामाला येते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, क्रमांक १५१००.

मृत्यू, मूत्रपिंड निकामी होणे किंवा मोठी कंपनी समोर असणे, अशा प्रकरणात मात्र चांगला वकील घ्याच. तिथे तज्ज्ञ डॉक्टरांचे मत, उलटतपासणी, अपील हे सगळे येते.

किती आणि कशाकशाची भरपाई मागता येते?

उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, सोबत थांबलेल्या माणसाचा बुडालेला रोज, जाण्यायेण्याचा खर्च, शारीरिक व मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे पगारपत्रक नसते. मुकादमाचे पत्र, बँकेतल्या जमा रकमा, ई-श्रम नोंदणी जोडा.

नंतर उद्‌भवणारे आजार विसरू नका. कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित गुइलेन-बारे सिंड्रोम होतो, ज्यात हातपाय लुळे पडू शकतात. ई. कोलायच्या काही प्रकारांनंतर, विशेषतः मुलांत, मूत्रपिंडे निकामी होतात. असे काही झाले तर पहिल्या आजाराशी त्याचा संबंध आहे असे डॉक्टरांकडून लेखी घ्या.

परदेशातल्या कोट्यवधींच्या बातम्या वाचून आकडा ठरवू नका. दोन दिवसांच्या जुलाबांना आपले आयोग काही हजार देतात. दीर्घ उपचार किंवा कायमचे नुकसान असेल तर लाखांत. फुगवलेल्या मागणीपेक्षा पावतीनिशी केलेली मागणी जास्त मानली जाते.

प्रयोगशाळेचा अहवालच नाही. आता काही होऊ शकते का?

अवघड आहे, अशक्य नाही. ग्राहक आयोगात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवनीय आहे हे पाहिले जाते. बिलावरची वेळ, दाखल झाल्याची वेळ, डॉक्टरांचे निदान, एकत्र जेवलेल्यांची प्रतिज्ञापत्रे, हॉटेलच्या मॅनेजरशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे, एफडीएच्या तपासणीत आढळलेली अस्वच्छता, हे सगळे एकमेकांना दुजोरा देत असेल तर आयोग मान्य करू शकतो. एकटा रुग्ण, रोख व्यवहार, बिल नाही, तपासणी नाही, अशा प्रकरणात मी कोणालाही खोटी आशा दाखवणार नाही. एफडीएची तक्रार तरीही करा, म्हणजे पुढच्या माणसाला नोंद सापडेल.

लग्नात जेवून आम्ही पाहुणे आजारी पडलो. पैसे तर वधूपित्याने दिले होते. आम्ही तक्रार करू शकतो?

हो. ग्राहकाच्या व्याख्येत पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही येतो. पाहुणे केटररविरुद्ध तक्रार करू शकतात, यजमानाला आरोपी करायची गरज नाही. यजमानाने केटररशी झालेला करार, आगाऊ रकमेची पावती आणि मेनूचा कागद तेवढा द्यावा.

इथे संकोच आडवा येतो. "त्यांच्या घरच्या शुभकार्याला गालबोट नको" म्हणून पन्नास आजारी माणसे गप्प राहतात आणि तोच केटरर पुढच्या मुहूर्ताला तेच पातेले घेऊन दुसऱ्या कार्यालयात उभा असतो. यजमानांनीच पुढाकार घेतला तर पाहुण्यांचा संकोच सुटतो. एका वहीत जेवलेल्यांची नावे, कोणी मठ्ठा घेतला, कोणी बासुंदी, कोणाला किती वाजता त्रास झाला, हे लिहून काढा. दोन तासांचे काम आहे आणि दोषी पदार्थ बहुधा त्यातूनच सापडतो.

एकादशीच्या भगरीतून किंवा महाप्रसादातून विषबाधा झाली तर?

हा आपल्या महाराष्ट्राचा खास आणि दरवर्षी येणारा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरली नाही, उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली.

भगर, म्हणजे वरई, हवेतला ओलावा पटकन धरते आणि पावसाळ्यात तिच्यावर ॲस्परजिलस बुरशी वाढते. त्या बुरशीतून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात, असे एफडीए वारंवार सांगते. मळमळ, उलट्या, चक्कर अशी लक्षणे त्यातून दिसतात. सुटे पीठ आणि सुटी भगर यात धोका जास्त, कारण किती जुनी ते कळतच नाही. पाकीटबंद, तारीख पाहून, बिलासह घ्यावी आणि लागेल तेवढेच पीठ दळावे. दुकानातून घेतलेल्या भगरीने त्रास झाला तर तुम्ही ग्राहक आहातच. दुकानदार, पॅकिंग करणारा आणि त्याचा पुरवठादार या सगळ्यांना पक्षकार करता येते.

फुकट महाप्रसाद घेणारा भाविक मात्र ग्राहक संरक्षण कायद्यात बसवणे कठीण, कारण मोबदला दिलेला नसतो. पण अन्न सुरक्षा कायद्यात ग्राहकाची व्याख्या अन्न विकत घेणारे "आणि स्वीकारणारे" अशी आहे, आणि नफ्यासाठी नसलेला उपक्रमही "अन्न व्यवसाय" ठरतो. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनी नोंदणी करायची असते. म्हणून भाविकांनी एफडीएकडे तक्रार करावी आणि कलम ६५ ची मागणी धरावी. मंडळाने किराणा ज्या दुकानातून घेतला त्याची बिले जपली असतील तर मंडळ स्वतः त्या व्यापाऱ्याविरुद्ध उभे राहू शकते. देवाच्या नावाने शिजलेल्या अन्नाबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेला धक्का लावणे नव्हे. पंगतीतली लेकरेही तेच अन्न खातात.

ॲपवरून मागवले होते. ॲपवाले म्हणतात, "आम्ही फक्त पोचवतो."

दोघांनाही पक्षकार करा, हॉटेल आणि ॲप. कोणाची किती जबाबदारी हे आयोग ठरवेल. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. ऑर्डरचा तपशील, डिलिव्हरीची वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा. जेवणाच्या किमतीचा परतावा घेतला म्हणजे उपचाराच्या खर्चावरचा हक्क सोडला, असे होत नाही.

पाकीटबंद पदार्थाच्या बाबतीत काही वेगळे आहे का?

हो, इथे बाजू जास्त मजबूत असते. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्व हे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनात दोष होता आणि त्यातून इजा झाली, हे दाखवले की कंपनी जबाबदार. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, बिल आणि शक्य असेल तर त्याच बॅचचे दुसरे सीलबंद पाकीट, एवढे सांभाळा. तुम्ही ते कसे साठवले हा प्रश्न येणारच, त्याचे खरे उत्तर तयार ठेवा.

शाळेच्या पोषण आहारातून मुलांना विषबाधा झाली तर?

बिहारमधल्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतल्या जेवणातून तेवीस मुले दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले आणि मुख्याध्यापिकेला पुढे शिक्षा झाली. त्यानंतर २०१५ मध्ये मध्यान्ह भोजनाचे नियम आले. सरकारी सूचनांनुसार जेवण मुलांना वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी चाखून पाहायचे असते. ती चव-नोंदवही पाहायला मागा. पालकांनी गटशिक्षणाधिकारी, एफडीए आणि पोलीस, तिन्हीकडे लेखी द्यावे. आहार मोफत असल्याने ग्राहक आयोगापेक्षा उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग जास्त सरळ आहे. गावातल्या पालकांनी एकत्र केली आणि विधी सेवा प्राधिकरणाची मदत घेतली तर खर्च आवाक्यात राहतो.

रेल्वेतल्या जेवणाचे?

रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर किंवा रेल मदत ॲपवर प्रवासातच तक्रार नोंदवा आणि पुढच्या स्थानकावर डॉक्टर मागा. त्या नोंदीचा क्रमांक हाच पुरावा. पुढे ग्राहक आयोग.

विषबाधेने मृत्यू झाला असेल तर?

दुःखात हे सुचत नाही, म्हणून जवळच्या कोणीतरी लक्ष घालावे: शवविच्छेदन नाकारू नका. व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, रासायनिक तपासणीत कीटकनाशकासारखे विष कळते, जंतू कळत नाहीत. त्यासाठी जंतूंच्या कल्चरचा नमुना वेगळा घ्यावा, अशी विनंती डॉक्टरांना लेखी करा. पोलिसांत तक्रार द्या. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू शकते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५९ मध्ये असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड आहे. वारस भरपाईसाठी ग्राहक आयोगातही जाऊ शकतात.

हॉटेलमालक पैसे देऊन मिटवू म्हणतो. घ्यावेत का?

रक्कम रास्त असेल आणि माणूस पूर्ण बरा झाला असेल तर जरूर घ्या. तडजोडीत कमीपणा नाही. ग्राहक आयोगही मध्यस्थीची संधी देतो. पण उपचार चालू असताना "सर्व हक्क सोडत आहे" अशा कागदावर सही करू नका. रक्कम बँकेतून घ्या. आणि तुम्ही स्वतः "पैसे द्या, नाहीतर बदनामी करतो" असे कधीही बोलू किंवा लिहू नका. खऱ्या तक्रारीतून खंडणीचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. समाजमाध्यमांवर लिहायचे तर घडले तेवढेच लिहा: तारीख, पदार्थ, रुग्णालय. "विष घातले" असे नाही.

आम्ही परदेशात राहतो, तिथे झाले तर?

तिथलाच कायदा लागतो. ब्रिटनमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे आहे आणि पहिली तक्रार स्थानिक कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे करायची. अमेरिकेत मुदत राज्यागणिक बदलते. स्थानिक आरोग्य विभागाला कळवले तर तुमच्या नमुन्यातल्या जंतूची जनुकीय ओळख देशभरातल्या इतर रुग्णांशी ताडून पाहता येते. दोन्हीकडे जिंकल्यावरच फी घेणारे वकील मिळतात.

आयोगाने आदेश दिला, पण समोरचा पैसेच देत नाही.

आदेशातली मुदत संपली की त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखी वसुली होते, कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरच्याला अपील करायचे तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे जावे लागते आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती भरली आहे का आणि स्थगिती खरोखर मिळाली आहे का, हे विचारून घ्या. नुसते "आम्ही अपिलात गेलोय" एवढ्यावर वसुली थांबत नाही.